शिसवीच्या जागी ऐन

ऑर्केस्ट्रातल्या बेस गिटारवाल्याकडे सहसा कुणी बघत नाही. गायकाला टाळ्या मिळतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात, लीड गिटारवाल्याचा फोटो निघतो. बेसवाला मागे ड्रमच्या शेजारी उभा राहून चार जाड तारा छेडत असतो. पण मध्येच त्याची वायर सुटू द्या, पुढच्या रांगेतल्या ज्या आजींना बेस म्हणजे काय हे ठाऊकही नसते, त्यांनासुद्धा गाणे एकदम पोकळ झाल्यासारखे वाटते. आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांनी वाजवलेली बेस आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. ती ऐकतो आहोत, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत होते.

या वाद्याविषयी आज बोलण्याचे निमित्त माझ्या भाच्याने दिले. दोन वर्षे तो गणपतीतल्या कार्यक्रमांत मागून आणलेल्या बेसवर वाजवत होता. त्या बिदागीतून थोडे थोडे बाजूला टाकून त्याने स्वतःच्या वाद्यापुरते पैसे जमवले आणि एक दिवस दोन बेस घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही स्क्वायर या कंपनीच्या, दोन्ही क्लासिक व्हाइब मालिकेतल्या, दोन्ही १९६०च्या दशकातल्या जॅझ बेसच्या घाटाच्या. एक २०१० साली चीनमध्ये बनलेली, वापरलेली. दुसरी इंडोनेशियात बनलेली, नवी कोरी. गंमत म्हणजे जुनीचा मालक जवळजवळ नवीइतकीच किंमत मागत होता. का, तर म्हणे चिनी क्लासिक व्हाइब आता बनत नाही आणि तिची सर नवीला नाही.

"मामा, जुनी घेऊ की नवी?" भाच्याने विचारले. पाच मिनिटांत उत्तर देईन असे मला वाटले होते. दोन्ही वाद्ये पंधरा दिवस माझ्या घरी राहिली.

आता मुळात 'व्हिंटेज' म्हणजे काय, ते आधी पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाचे गाव आहे. तिथे लिओ फेंडर हे गृहस्थ रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. त्या काळी बँडमध्ये खालचे सूर वाजवायला डबल बेस असे, माणसाहून उंच, मोटारीत न मावणारी आणि ट्रम्पेट वाजू लागली की ऐकूच न येणारी. फेंडर यांनी १९५१ साली ती आडवी करून गळ्यात अडकवली. चौतीस इंच लांबीच्या चार तारा, खाली पिकअप, आणि सतारीला असतात तसे पडदे. फरक इतकाच की हे पडदे हलत नाहीत, जागच्या जागी ठोकलेले असतात. पडद्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवले प्रिसिजन बेस. १९५७ मध्ये तिच्या पिकअपचे दोन तुकडे झाले. १९६० मध्ये जॅझ बेस आली. तिची दांडी, वादकांच्या भाषेत नेक, डोक्यापाशी जेमतेम दीड इंच रुंद आणि पिकअप दोन. आज जगात ज्या बेस दिसतात, त्यांतल्या बहुतेकींचे कूळ या दोघींपैकी एकीकडे जाते.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला विकली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा कारखाना रेडिओवाल्यांनीच विकत घेतला म्हणायचा. त्यानंतर वाद्यांची प्रत घसरली अशी वादकांची तक्रार सुरू झाली आणि १९६५ आधीच्या वाद्यांना हळूहळू दागिन्यांचे मोल आले. आज तशी एक बेस घ्यायची तर काही लाख रुपये मोजावे लागतात. ऑर्केस्ट्रातला मुलगा ते कुठून आणणार? त्याच्यासाठी असतात त्या 'जुन्या घाटाच्या' परवडणाऱ्या बेस. दिसायला १९६०च्या, बांधलेल्या मात्र आजच्या.

या स्वस्त प्रतींचाही आता स्वतःचा इतिहास झाला आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानी कारखाने फेंडरच्या नकला करू लागले, आणि त्या इतक्या चांगल्या उतरल्या की मूळ कंपनीचीच पंचाईत झाली. शेवटी १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्येच भागीदारी करून मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात स्वतःच्या जुन्या घाटांच्या प्रती बनवून घ्यायला सुरुवात केली. त्यांना नाव दिले स्क्वायर. ही मूळची मिशिगनमधली तारा बनवणारी कंपनी. १९६५ मध्ये ती विकत घेतलेली होती आणि नाव तसेच पडून होते. या पहिल्या जपानी वाद्यांच्या क्रमांकाआधी 'जेव्ही' ही अक्षरे असतात. त्या काळात ही स्वस्तातली नक्कल म्हणून घेतली जाई. आज 'जेव्ही' म्हटले की जाणकारांचे डोळे चमकतात आणि विकणारा किंमत वाढवतो.

पुढे स्क्वायरचे काम कोरियात गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'स्क्वायर टू' नावाची काही वाद्ये आपल्या भारतातही बनली. त्यांच्याविषयी मात्र कुणी हळवे होताना मला दिसलेले नाही. २००८ मध्ये चीनमध्ये क्लासिक व्हाइब मालिका सुरू झाली. तेव्हाही 'चिनी माल' म्हणून अनेकांनी नाके मुरडली. २०१९ मध्ये हे काम इंडोनेशियात नेले गेले, 'व्हिंटेज मॉडिफाइड' नावाची दुसरी मालिका बंद करून तिची काही वाद्येही यातच घेतली गेली, आणि कालपर्यंत नाक मुरडणारेच म्हणू लागले, 'चिनी होती ती खरी!' कोरी असते तोवर नक्कल आणि बंद पडली की ठेवा, हा प्रकार या धंद्यात निदान दोनदा तरी घडलेला आहे. भाच्याकडे किंमत मागणारा गृहस्थ या दुसऱ्या लाटेवर बसला होता.

वाद्य कुठले हे ओळखणे सोपे आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचा क्रमांक पाहा. या मालिकेत तो 'सी'ने सुरू होत असेल तर चीन, 'आय'ने होत असेल तर इंडोनेशिया, आणि अक्षरांनंतरचे पहिले दोन आकडे बहुधा वर्षाचे. दुकानदार काय सांगतो ते नंतर ऐकावे.

स्वस्त वाद्याविषयी मनात अढी असेल, तर आणखी एक गोष्ट ऐका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची बेस सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली आहे. ती त्यांनी १९६१ मध्ये जर्मनीत हॅम्बर्ग शहरात घेतली, सुमारे तीस पौंडांना. हॉफ्नर कंपनीची ती बेस घेण्याचे मोठे कारण हेच, की फेंडर त्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती. शिवाय मॅकार्टनी डावखुरे. वाद्याचा आकार दोन्हीकडून सारखा असल्यामुळे ते उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. ती बेस १९७२ मध्ये चोरीला गेली आणि पन्नासएक वर्षांनी सापडली. २०२४च्या फेब्रुवारीत तीच ती असल्याचे जाहीर झाले. आता तिची किंमत कोण करणार! घेतली तेव्हा मात्र ती परवडणारी म्हणूनच घेतलेली होती.

पुन्हा माझ्या टेबलावर येऊ. दोन्ही बेस शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा पहिला फरक डोळ्यांनाच दिसला. जुनीची पडद्यांची पट्टी, म्हणजे दांडीवर जिथे बोटे पडतात ती लाकडाची पातळ पट्टी, गडद, जांभळट तपकिरी होती. नवीची फिकट, मातकट, रेघारेघांची. भाचा म्हणाला, "बघा, इथेच पैसे वाचवलेत." नव्या क्लासिक व्हाइबवर सर्वांत जास्त टीका होते ती याच पट्टीवरून. म्हणून इथे जरा थांबू.

जुनीची पट्टी रोजवुडची. रोजवुड म्हणजे आपली शिसवी. फेंडरच्या सुरुवातीच्या बेसची दांडी आणि पट्टी दोन्ही मेपलच्या असत. १९५९ पासून त्यांनी मेपलच्या दांडीवर रोजवुडची पट्टी बसवायला सुरुवात केली. आधी हे रोजवुड ब्राझीलचे होते, पण १९६०च्या दशकातच भारतीय रोजवुड वापरात आले. ते दक्षिण भारतातल्या आणि पश्चिम घाटातल्या जंगलांतले. आजोळच्या माजघरातला जड काळा पलंग किंवा पाटीचा कोरीव झोपाळा आठवा, तेच हे लाकूड. जगभरच्या गिटारवाल्यांनी आपल्या शिसवीवर पन्नासेक वर्षे बोटे फिरवली आहेत. तिच्या नावाने पुस्तके मात्र आपण फर्निचरचीच लिहिली.

पण शिसवीच्या कुळातली झाडे जगभर बेसुमार तोडली जाऊ लागली. मुख्य मागणी होती चीनमधल्या उंची फर्निचरची. त्यापुढे गिटारवाल्यांची गरज किरकोळच. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'सायटिस' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याची परिषद २०१६ मध्ये जोहान्सबर्गला भरली आणि तिथे शिसवीचे अख्खे कूळ नियंत्रित यादीत घालण्याचे ठरले. ब्राझीलचे रोजवुड तर १९९२ पासूनच सर्वांत कडक यादीत होते. नवा नियम २ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. त्या दिवसापासून शिसवीची बोटभर पट्टी असलेली गिटारही विकण्यासाठी सीमेपार पाठवायची, तर कागदपत्रे आणि परवाना आवश्यक झाला. लाख रुपयांच्या वाद्याला तो खर्च जड जात नाही. स्वस्त वाद्यात नफाच थोडा असतो. तिथे प्रत्येक खेपेमागे परवान्यांची भानगड कोण करणार? कारखान्यांनी लाकूडच बदलले. फेंडरच्या मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक वाद्यांवर दक्षिण अमेरिकेतले पाव फेरो आले, आणि इंडोनेशियातल्या स्क्वायरवर आले 'इंडियन लॉरेल'.

हे नाव वाचून मीही आधी बुचकळ्यात पडलो. लॉरेल म्हटले की डोळ्यांपुढे ग्रीक वीरांच्या डोक्यावरची पाने येतात. शोधून पाहिले, तर इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन! मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला, सह्याद्रीत आणि विदर्भाच्या रानात सगळीकडे उभा असलेला ऐन. भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशमाचे किडे ज्याच्या पानांवर वाढवतात तो. कोकणातल्या जुन्या घरांचे वासे नि तुळया ज्याच्या असतात तो. शिसवी पलंगाची, ऐन आढ्याचा. घरातली ही उतरंड आपल्याही डोक्यात पक्की आहे, त्यामुळे कारखान्याने पट्टी बदलली की आपल्याला फसवल्यासारखे वाटते.

प्रत्यक्षात दोन्ही लाकडांची घनता जवळजवळ सारखी आहे, घनमीटरला आठशे ते साडेआठशे किलोच्या आसपास. कठीणपणातही फार अंतर नाही. तारेच्या घर्षणाने ऐन लवकर झिजेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. दोष आहे तो वेगळाच. ऐन वाळवायला अवघड. घाई केली तर तो तडकतो, पीळ धरतो. हे आपल्या सुतारांना विचारा, ते जास्त रंगवून सांगतील. शिवाय त्याची छिद्रे मोठी, त्यामुळे पट्टी कोरडी दिसते. वर्षातून दोनदा तेलाचा हलका हात फिरवला की रंग बराच खुलतो. मी नवीवर तेल लावले, रात्रभर ठेवले आणि सकाळी पुसले, तर भाच्याने ती दुसरीच बेस समजून उचलली.

पुढे २०१९च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या परिषदेत तयार वाद्यांना या नियमातून सूट मिळाली आणि ती त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस लागू झाली. पण तोवर नव्या मालिकेची घडी बसली होती, आणि तीत ऐन राहून गेला.

आता खरा प्रश्न आवाजाचा. पट्टी बदलल्याने आवाज बदलतो का?

तंबोऱ्यात भोपळा बोलतो, व्हायोलिनमध्ये पोकळ पेटी बोलते. विजेवरच्या बेसचे अंग भरीव असते. तिथे बोलतो तो पिकअप. लोहचुंबकाभोवती केसाहून थोड्या कमीअधिक जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढेच त्याचे स्वरूप. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो पुढे ॲम्प्लिफायरला जातो. लाकूड तारेचा थोडा कंप शोषते, नाही असे नाही, पण पिकअपला दिसते ती फक्त तार. आमच्या दोन्ही बेसमध्ये अल्निको जातीचेच चुंबक होते, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेले, १९६०च्या मूळ वाद्यांत असत तसे. याहून स्वस्त मालिकांत सिरॅमिक चुंबक घालतात. तिथे फरक कानाला जाणवतो. पण आमच्यापुढचा वाद तो नव्हता.

पहिल्या दिवशी भाच्याने दोन्ही वाजवल्या आणि निकाल दिला, "जुनीच. काय गोड वाजते!" खरेच गोड वाजत होती. नवी त्यापुढे कर्कश, पत्र्यासारखी. मी जुनीच्या तारांवरून बोट फिरवले. चारपाच वर्षे बदललेल्या नसाव्यात, घामाने काळ्या पडलेल्या. नवीवर कारखान्याच्या लखलखीत तारा. दुसऱ्या दिवशी एकाच कंपनीचे, एकाच जाडीचे दोन सेट आणून दोन्हींवर चढवले, घोडीची उंची दोन्हीकडे मापून सारखी केली आणि भाच्याला पाठ करून बसवले. मी कधी ही, कधी ती वाजवत होतो आणि तो ओळखत होता. त्याचे निम्मे अंदाज चुकले. मग मी बसलो, तो वाजवू लागला. माझे किती चुकले ते सांगत नाही.

ज्याला आपण जुना आवाज म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा तारांचा असतो. १९५० आणि ६०च्या दशकांत फेंडरच्या बेसवर गुळगुळीत, चपट्या वेढ्यांच्या तारा येत. त्यांना फ्लॅटवाउंड म्हणतात. आज दुकानात नव्या बेसवर बहुधा गोल वेढ्यांच्या, खरखरीत, चकचकीत वाजणाऱ्या तारा असतात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमरसन १९६२ची प्रिसिजन वापरत. तिच्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि त्या ते सहसा बदलतच नसत. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा, त्यामुळे सूर लांबत न राहता ठुम्मकन विझायचा. आणि उजव्या हाताचे एकच बोट. आजची मुले हा आवाज मिळावा म्हणून लाकडाची जात शोधत फिरतात. तारांचा सेट आणि भांडी घासायच्या स्पंजाचा काप यांनी त्यातला किती आवाज मिळतो, हे एकदा करून पाहावे.

मग दोन्हींत काहीच फरक नव्हता का? होता. तो पाहणाऱ्याला नसता कळला, वाजवणाऱ्या हाताला कळत होता.

नवीचे पडदे अरुंद आणि उंच, मूळ घाटाला जास्त जवळचे. डोक्याकडची नटची पट्टी हाडाची. पण तिच्या खाचा कारखान्याने पुरेशा खोल कापलेल्या नव्हत्या, त्यामुळे पहिल्या पडद्यावर तार दाबताना बोट दुखत होते आणि सूर किंचित चढत होता. पडद्यांची टोके दांडीच्या कडेला टोचत होती. लाकूड आक्रसते, धातू आक्रसत नाही, त्याचा हा परिणाम. अंग पॉप्लरचे होते. उत्तर भारतात शेताच्या बांधावर लावतात आणि ज्याच्या काड्यापेट्या नि प्लायवुड होते, तेच हे पॉप्लर. मूळ बेस ॲश किंवा अल्डर लाकडाच्या असत, त्यामुळे यावरही नाके मुरडली जातात. वर पॉलिश इतके जाड होते की आत काय आहे ते वाद्य उघडल्याशिवाय कुणालाही सांगता आले नसते.

जुनीची पट्टी दहाबारा पावसाळे पाहून निवांत झालेली होती. पडद्यांच्या कडा कुणीतरी मायेने घासलेल्या. दांडी हातात घेतल्यावर ओळखीची वाटावी अशी. पण तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यावर तारांनी खड्डे पाडले होते, व्हॉल्यूमचे बटण फिरवले की खरखर येई, आणि मुख्य म्हणजे ट्रस रॉड.

ट्रस रॉड म्हणजे दांडीच्या पोटातली पोलादी सळई. चार तारांचा ताण दांडीला सतत पुढे वाकवत असतो, तो ही सळई तोलून धरते. मूळ १९६०च्या बेसमध्ये ती फिरवायची तर दांडी अंगापासून सोडवावी लागे. नव्या काळातल्या प्रतींत, चिनी असो की इंडोनेशियन, डोक्याकडूनच किल्ली घालता येते. व्हिंटेज म्हणवणाऱ्या वाद्यात ही एक गोष्ट व्हिंटेज नाही, हे आपले भाग्य. आपल्याकडे जूनमध्ये हवा ओली होते आणि मार्चपासून कोरडी. लाकूड त्यासरशी फुगते, आक्रसते आणि दांडी हलते, कुणाची पुढे झुकते, कुणाची मागे. तेव्हा पाव फेरा इकडे की तिकडे, एवढेच काम असते. पण जुनीच्या सळईचे तोंड कुणीतरी चुकीची किल्ली घालून झिजवून ठेवले होते. किल्ली धरतच नव्हती.

तंबोऱ्याची जवारी बिघडली तर मिरजेचा कारागीर ती काढून देतो, वाद्य पुन्हा बोलते. बेसच्या नटच्या खाचा, पडद्यांची टोके, घोडीची उंची ही सगळी त्याच जातीची कामे. जाणत्या हातात एका दुपारी होतात आणि वाद्याच्या किमतीच्या मानाने फार थोडा खर्च येतो. अडकलेली ट्रस रॉड मात्र त्या जातीची नाही. कधी कधी तीपायी दांडीच बदलावी लागते.

मी भाच्याला सांगितले, नवी घे. जुनीची सळई फिरत असती आणि मालक दोनतृतीयांश किमतीला देत असता, तर मी एक क्षणही विचार न करता जुनी घे म्हटले असते. मुरलेली दांडी आणि घासलेल्या पडद्यांना माझ्या लेखी मोल आहे. 'चीनमध्ये बनली' किंवा 'शिसवीची आहे' याला मात्र वर एक रुपयाही द्यायला मी तयार नाही. मालकाला हे पटले नाही. त्याने ती दुसऱ्या कुणाला तरी विकली म्हणे, मागितलेल्या किमतीलाच.

तुमच्या घरातले कुणी अशी जुनी बेस पाहायला निघाले असेल, तर सोबत व्हिजिटिंग कार्ड न्यायला सांगा. पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि दांडी अंगाला मिळते तिथल्या पडद्यावर दुसऱ्या हाताने तार दाबायची, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार नि पडदा यांतली फट बघायची. कार्ड जेमतेम सरकले तर दांडी ठीक. खूप फट असेल किंवा अजिबात नसेल, तर मालकाला ट्रस रॉड त्याच्याच हाताने फिरवून दाखवायला सांगायचे. तो टाळाटाळ करू लागला, तर चहा पिऊन परत यायचे. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कुठे खरखर होते का ते ऐकायचे, बटणे फिरवायची, आणि वायरचे टोक खाचेत जरा हलवून पाहायचे. तारा जुन्या असतील तर आवाजावर भाळायचे नाही.

भाच्याच्या नवीचे नट कोरून घेतले, पडद्यांची टोके घासून घेतली, फ्लॅटवाउंड तारा चढवल्या. जुलैत दांडी मागे झुकली आणि तारा पडद्यांवर खरखरू लागल्या. तो घाबरून रात्री साडेदहाला बेस घेऊन आला. पाव फेरा सैल केला. आता हवा कोरडी झाली की ती पुन्हा हलणार, म्हणून किल्ली त्याच्याकडेच देऊन ठेवली आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)